पेशी नसलेल्या वेलमधला जांभळा रंग: द्राक्षबियांच्या अर्काची एक एमटीटी चाचणी

बी.फार्म.च्या अंतिम वर्षातल्या चार विद्यार्थ्यांचा गट. आठव्या सत्रात प्रकल्प करायचा होता आणि नाशिकला जानेवारी ते मार्च हा वायनरीतल्या गाळपाचा काळ. विषय आपोआप सुचला: वाइन काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यातल्या बियांचा अर्क काढायचा आणि यकृताच्या पेशींवर त्याचा काय परिणाम होतो ते पाहायचे. पेशी हेप-जी-२ (यकृताच्या गाठीपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या), चाचणी एमटीटी (जांभळ्या रंगाच्या गडदपणावरून जिवंत पेशींचा अंदाज देणारी), अर्कासोबतचा काळ २४ तास. पेशी ९६ छोट्या खाचांच्या प्लेटमध्ये वाढवतात; अशा एका खाचेला 'वेल' म्हणतात.

निकाल विचित्र आला. मिलीलीटरला ५० मायक्रोग्रॅम मात्रेवर ७१ टक्के पेशी जिवंत, १०० वर ८२, २०० वर ११८ आणि ४०० वर १६४ टक्के. अहवालाच्या मसुद्यात गटाने लिहिले की अर्क कमी मात्रेत विषारी आहे, पण जास्त मात्रेत पेशींची वाढ उत्तेजित करतो. त्याच मसुद्याच्या परिशिष्टात ४०० मात्रेच्या वेलचे सूक्ष्मदर्शकातले छायाचित्र होते. त्यात बहुतेक पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या दिसत होत्या. एकाच वेलबद्दल एक पुरावा म्हणतो पेशी मेल्या, दुसरा म्हणतो दीडपटीने वाढल्या.

(हे प्रकरण शिकवण्यासाठी बांधलेले आहे. ओडीचे (द्रवाने किती प्रकाश शोषला त्याचे) आकडे नमुन्याचे आहेत. चुका मात्र पेशीसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत नेहमी घडणाऱ्या आहेत.)

अर्क कसा काढला होता

थॉमसन सीडलेस या खाण्याच्या द्राक्षाला बी नसते, म्हणून बियांसाठी वायनरीचाच चोथा लागतो. गटाने दिंडोरी तालुक्यातून दोन पोती चोथा आणला, एक शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाचा आणि एक शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाचा, आणि दोन्ही एकत्र केले. पहिली गफलत इथेच झाली. लाल वाइनमध्ये रस साल-बियांसकट आंबवतात. त्या दिवसांत तयार होणारे अल्कोहोल बियांमधले टॅनिन बऱ्यापैकी ओढून घेते. पांढऱ्या वाइनमध्ये द्राक्ष आधी दाबून रस वेगळा करतात, त्यामुळे चोथा न आंबलेला राहतो. बियांत टॅनिन जास्त, आणि सालीला साखर चिकटलेली. दोन्ही मिसळले की पुढच्या वर्षी तोच अर्क पुन्हा मिळण्याची खात्री उरत नाही.

दुसरी गोष्ट सालीची. खरड छाटणीनंतर आणि पावसाळ्यात डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी बागेत बोर्डो मिश्रण मारतात: एक टक्क्याचे असेल तर १०० लीटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. पुढेही तांबेयुक्त औषधे वापरली जातात. सालीचे तुकडे बियांत राहिले तर तांब्याचा अंश अर्कात येऊ शकतो, आणि तांबे पॉलिफेनॉलच्या (टॅनिन ज्यात मोडते त्या रसायनगटाच्या) ऑक्सिडीकरणाला गती देते. हे पुढे महत्त्वाचे ठरते. बिया पाण्यात चोळून, चाळून, साल पूर्ण काढूनच सुकवाव्यात.

पुढचे टप्पे गटाने नीट केले. बिया ४० अंशांवर सुकवून दळल्या, सॉक्सलेटमध्ये हेक्झेनने तेल काढले, उरलेली पूड ७० टक्के इथेनॉलमध्ये २४ तास भिजवली, गाळून रोटाव्हेपरवर ४० अंशांवर आटवली आणि शेवटी गोठवून सुकवली. एकूण फेनॉल फोलिन चाचणीने मोजले, गॅलिक आम्ल प्रमाण म्हणून, ७६५ नॅनोमीटरवर. त्याच आठवड्यात प्रतिऑक्सिडीकारक (अँटिऑक्सिडंट) गुण मोजणारी डीपीपीएच चाचणीही केली. ५१७ नॅनोमीटरवरचा डीपीपीएचचा गडद जांभळा रंग अर्क टाकताच अर्ध्या तासात फिकट पिवळा झाला. गटाने वहीत लिहिले, "उत्तम प्रतिऑक्सिडीकारक."

कोड्याची किल्ली याच नोंदीत होती. डीपीपीएचचा रंग जातो तो अर्क त्याला इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन देतो म्हणून. फोलिनचा द्रव निळा होतो तोही त्याचे क्षपण होते, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळतात, म्हणून. एमटीटी हे पिवळे टेट्राझोलियम क्षार. इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचे जांभळे फॉर्मॅझान होते. इलेक्ट्रॉन जिवंत पेशीतून आला की बाटलीतल्या अर्कातून, हे एमटीटीला कळत नाही.

चाचणी नेमके काय मोजते

टिम मॉसमन यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. पाठ्यपुस्तकात बहुधा एकच वाक्य असते: मायटोकॉन्ड्रियातले सक्सिनेट डिहायड्रोजनेज एमटीटीचे क्षपण करते. प्रत्यक्षात बरेचसे क्षपण पेशीद्रवातली आणि आंतर्द्रव्य जालिकेतली, एनएडीएच व एनएडीपीएच हे इलेक्ट्रॉनवाहक रेणू वापरणारी विकरे करतात. म्हणजे चाचणी पेशींची संख्या मोजत नाही. ठरावीक वेळात त्या वेलमध्ये एकूण किती क्षपण झाले, एवढेच ती सांगते. पेशी तेवढ्याच राहून त्यांचा चयापचय वाढला तरी ओडी वाढते; पेशी मेल्या आणि बाहेरच्या कशाने तरी क्षपण केले तरी वाढते. एस्कॉर्बिक आम्ल, मर्कॅप्टोइथेनॉल, डायथायोथ्रीटॉल, कॅटेचिन, क्वेर्सेटिन या सगळ्यांबाबत हे माहीत आहे.

गटाची पद्धत अशी होती: दर वेलमध्ये १०,००० पेशी, २४ तास चिकटू द्यायच्या, अर्क घालून आणखी २४ तास, मग अर्क न काढता त्याच माध्यमात (पेशींच्या पोषक द्रवात) मिलीलीटरला ५ मिग्रॅ एमटीटीचे द्रावण १० मायक्रोलीटर, चार तास, द्रव काढून १०० मायक्रोलीटर डीएमएसओ (फॉर्मॅझान विरघळवणारा द्रव), ५७० नॅनोमीटरवर वाचन. कोरा नमुना एकच: माध्यम आणि एमटीटी. अर्क आणि एमटीटी यांची पेशींशिवाय भेट कुठेच घडवलेली नव्हती.

मार्गदर्शक मॅडमनी मसुदा वाचून एकच प्रश्न विचारला: "पेशी न घालता हीच प्लेट लावून पाहिलीत का?"

दुसऱ्या दिवशी ती लावली. ४०० च्या वेल्स तासाभरातच जांभळ्या झाल्या.

आकडे पुन्हा मांडल्यावर

अर्काविना पेशींची ओडी ०.८२, कोऱ्या माध्यमाची ०.०६, म्हणून निव्वळ ०.७६ म्हणजे १०० टक्के.

४०० मात्रेला पेशींसह ओडी १.३१ होती. त्यातून ०.०६ वजा करून १.२५, आणि १.२५ भागिले ०.७६ म्हणजे १६४ टक्के. पण पेशी नसलेल्या, अर्क आणि एमटीटी असलेल्या वेलची ओडीच १.१७ भरली. १.३१ मधून ती वजा केली की उरते ०.१४, म्हणजे १८ टक्के. २०० ला ०.९६ वजा ०.६२, उरले ०.३४, म्हणजे ४५ टक्के. १०० ला ०.६८ वजा ०.३१, म्हणजे ४९ टक्के. ५० ला ०.६० वजा ०.२०, म्हणजे ५३ टक्के. वर जाणारी रेघ खाली आली आणि छायाचित्राशी जुळली.

वजाबाकीवर मात्र पूर्ण विसंबू नये. पेशी असलेल्या वेलमध्ये २४ तासांत अर्काचा काही भाग पेशींना चिकटतो, काही ऑक्सिडीकृत होतो. म्हणून पेशीविरहित वेलमधले क्षपण आणि पेशींसोबतच्या वेलमधले अर्काचे क्षपण तंतोतंत सारखे नसते. दोष ओळखायला वजाबाकी पुरते, दुरुस्तीला नाही. पेशींसह १.३१ आणि पेशींविना १.१७ अशा दोन मोठ्या संख्यांच्या छोट्या फरकावर १८ टक्के हा आकडा उभा असेल, तर पिपेटिंगमधली थोडीशी चूकही त्याला शून्यावर किंवा तिशीवर नेऊ शकते.

दुरुस्ती दोन बाजूंनी करावी लागते. एक, एमटीटी घालण्याआधी अर्काचे माध्यम काढून, ३७ अंशांवर गरम केलेल्या, कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या पीबीएसने (फॉस्फेटयुक्त क्षारद्रावणाने) दोनदा हलकेच धुणे आणि मग ताज्या, सीरमविरहित माध्यमात एमटीटी देणे. हेप-जी-२ पेशी पुंजक्यांनी वाढतात आणि तळाला फार घट्ट धरत नाहीत. धार थेट तळावर सोडली तर जिवंत पेशीही वाहून जातात. प्लेट तिरकी धरून पिपेटचे टोक भिंतीला लावायचे. धुतल्यावरही टॅनिन प्लास्टिकला आणि सीरमच्या प्रथिनांना चिकटून राहते, म्हणून पेशीविरहित वेल्सही तशाच धुऊन सोबत ठेवायच्या.

दोन, क्षपणाशी संबंध नसलेली चाचणी. सल्फोरोडामाइन बी ही १९९० मध्ये मांडलेली पद्धत प्रथिने रंगवते. पेशी धुऊन थंड १० टक्के ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लात ४ अंशांवर तासभर स्थिर करायच्या, पाण्याने चार-पाच वेळा धुऊन वाळवायच्या, १ टक्का ॲसेटिक आम्लात बनवलेला ०.४ टक्के रंग अर्धा तास द्यायचा, १ टक्का ॲसेटिक आम्लानेच जादा रंग काढायचा, आणि चिकटलेला रंग १० मिलीमोलर ट्रिस, पीएच १०.५, यात विरघळवून ५४० च्या आसपास वाचायचे. आम्ल घालण्याआधी धुणे विसरलात तर सीरमची प्रथिने टॅनिनसह तळाशी साका धरतात आणि रंग घेतात. पेशीविरहित वेल इथेही लागतेच.

गटाला धुऊन केलेल्या एमटीटीत ५०, १००, २००, ४०० मात्रांना अनुक्रमे ५६, ४७, ३९, १५ टक्के मिळाले आणि सल्फोरोडामाइनमध्ये ६०, ५१, ४१, १४. दोन वेगळ्या तत्त्वांच्या चाचण्या एकत्र आल्या. इथवर आल्यावर बहुतेक गट अहवाल बांधायला देतात: "द्राक्षबियांचा अर्क यकृताच्या कर्कपेशी मारतो."

पेशी कशाने मेल्या

मॅडमनी माध्यमाच्या बाटलीची चिठ्ठी वाचायला सांगितली. डीएमईएम, जास्त ग्लुकोज, पायरुव्हेटविरहित.

कॅटेचिन आणि गॅलेट गटातली पॉलिफेनॉल डीएमईएमसारख्या माध्यमात स्थिर राहत नाहीत. पीएच ७.४, विरघळलेला ऑक्सिजन आणि धातूंचा अंश एवढ्यावर ती स्वतःहून ऑक्सिडीकृत होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. बॅरी हॅलिवेल आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हे स्पष्ट दाखवले: पेशी नसलेल्या माध्यमातही काही तासांत मायक्रोमोलरच्या शेकड्यांत पेरॉक्साइड जमा होऊ शकते. अर्क मग पेशीला हात न लावता, बाहेर बनलेल्या पेरॉक्साइडने तिला मारतो. शरीरात हे तसेच घडेल असे मानायला आधार नाही. रक्तात ऑक्सिजनचा दाब ९५ टक्के हवा असलेल्या इनक्युबेटरपेक्षा कमी असतो, तांबे-लोह प्रथिनांना बांधलेले असते आणि तांबड्या पेशींमध्ये पेरॉक्साइड मोडणारे कॅटलेज हे विकर भरपूर असते.

हे तपासायला गटाने तीन गोष्टी केल्या. माध्यमात अर्क मिसळून, पेशी न घालता, एक तासाने फेरस-झायलेनॉल ऑरेंज पद्धतीने ५६० नॅनोमीटरवर पेरॉक्साइड मोजले. प्रत्येक नमुन्याची जोडी केली, एकात कॅटलेज आणि एकात नाही. दोहोंतला फरकच पेरॉक्साइड मानला, कारण अर्काचा स्वतःचा रंग आणि लोहाशी त्याची जवळीक या चाचणीतही लुडबुड करते. प्रमाणरेषा त्याच माध्यमात काढली, पाण्यात नाही. १०० मात्रेला सुमारे ९० मायक्रोमोलर मिळाले.

मग पेशींवर अर्कासोबत मिलीलीटरला २०० युनिट कॅटलेज. शेजारी दहा मिनिटे उकळून मारलेले कॅटलेज. काही तयार कॅटलेजमध्ये थायमॉल परिरक्षक असतो आणि प्रथिन स्वतःही टॅनिनला बांधते, हे दोन्ही परिणाम वेगळे काढायला उकळलेला नमुना लागतो. तिसरी वेल्सची ओळ एक मिलीमोलर सोडियम पायरुव्हेटची. पायरुव्हेट पेरॉक्साइडशी थेट अभिक्रिया करून ॲसेटेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी देते, विकराची गरज नाही.

कॅटलेजसह ५० मात्रेला ९६ टक्के पेशी जिवंत, १०० ला ९१, २०० ला ७४, ४०० ला ३८. पायरुव्हेटने जवळपास तेच. उकळलेल्या कॅटलेजने फारसा फरक नाही. म्हणजे १०० पर्यंतची जवळजवळ सगळी "विषारिता" माध्यमात बनलेल्या पेरॉक्साइडची होती. डीएमईएमच्या काही प्रकारांत एक मिलीमोलर पायरुव्हेट आधीच असते. ती बाटली कपाटात असती तर त्याच गटाने त्याच अर्काबद्दल "निरुपद्रवी" लिहिले असते. माध्यमाचा संपूर्ण प्रकार अहवालात नोंदवणे म्हणूनच सक्तीचे समजावे, नुसते "डीएमईएम" पुरत नाही.

पहिल्या प्लेटमधल्या आणखी खोडी

सिसप्लॅटिन हे कर्करोगाचे औषध धन नियंत्रण म्हणून, म्हणजे पेशी नक्की मारणारा तुलनेचा नमुना म्हणून, ठेवले होते आणि त्याने जेमतेम पेशी मारल्या होत्या. गटाने त्याकडे काणाडोळा केला. सिसप्लॅटिन डीएमएसओमध्ये विरघळवले होते. डीएमएसओचा गंधक प्लॅटिनमला बांधून क्लोराइडची जागा घेतो आणि औषध निकामी होते. ते ०.९ टक्के सलाइनमध्येच बनवावे आणि २४ ऐवजी ४८ ते ७२ तास द्यावे. धन नियंत्रण चालले नाही तर प्लेट बाद, मग बाकीचे आकडे कितीही देखणे असोत.

डीएमएसओचे प्रमाण सगळ्या वेल्समध्ये वेगळे होते. मूळ द्रावण मिलीलीटरला ८० मिग्रॅ, ते माध्यमात निम्मे-निम्मे करत नेले. ४०० ला ०.५ टक्के डीएमएसओ, २०० ला ०.२५, नियंत्रणाला शून्य. आधी डीएमएसओमध्येच सगळ्या मात्रा बनवून मग प्रत्येकीचे माध्यमात दोनशेपट सौम्यीकरण केले, की सगळीकडे ०.५ टक्केच राहते.

मार्चमधली नाशिकची हवा कोरडी. इनक्युबेटरच्या तळाच्या ट्रेमधले पाणी आटले होते, कडेच्या वेल्समधले माध्यम उडून अर्क दाट झाला होता. ट्रे दर दोन दिवसांनी निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्याने भरावा, आणि कडेच्या ३६ वेल्समध्ये २०० मायक्रोलीटर पीबीएस घालून त्या मोजणीत घेऊच नयेत.

एकाच प्लेटवरच्या सहा वेल्सना गटाने सहा प्रयोग मानले होते. त्या एकाच प्रयोगाच्या सहा नोंदी आहेत; त्यांचे सरासरी मूल्य म्हणजे एक आकडा. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या (पुन्हा पेरणीच्या फेरीच्या) पेशी, नव्याने विरघळवलेला अर्क असे तीनदा केल्यावर संख्या तीन होते.

नवी प्लेट

आतल्या ६० वेल्स म्हणजे सहा रांगा, दहा स्तंभ. वरच्या तीन रांगांत पेशी. पुढच्या दोन रांगांत पेशी नाहीत, बाकी सगळे तेच, एमटीटीसह. शेवटच्या रांगेत पेशी नाहीत आणि एमटीटीही नाही, अर्काचा स्वतःचा तपकिरी रंग मोजायला. स्तंभ असे: पहिला नुसते माध्यम, दुसरा ०.५ टक्के डीएमएसओ, मग १२.५ ते ४०० पर्यंत सहा मात्रा, नववा ०.१ टक्के ट्रायटन (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ) पूर्ण मृत्यूसाठी, दहावा सिसप्लॅटिन.

पेशींच्या ३० वेल्सना दर वेलला १०० मायक्रोलीटर म्हणजे ३ मिली. ४ मिली बनवावे. ट्रिपॅन ब्लू हा रंग घालून निम्मे सौम्य केलेल्या नमुन्यात, पेशी मोजायच्या काचेवरच्या मोठ्या चौकोनाची सरासरी ४५ आली तर ४५ गुणिले २ गुणिले १०,०००, म्हणजे मिलीलीटरला ९ लाख. हव्यात मिलीलीटरला १ लाख, म्हणून ०.४४ मिली पेशी आणि ३.५६ मिली माध्यम. पुंजके फोडायला निलंबन हलक्या हाताने बारीक सुईतून दोन-तीनदा काढावे, नाहीतर एका वेलमध्ये पुंजका आणि शेजारची रिकामी अशी स्थिती होते. आणि हे सगळे करण्याआधी एकदा २,५०० ते ४०,००० पेशी पेरून ओडी सरळ रेषेत वाढते ना, ते पाहून घ्यावे.

मात्रेचा प्रश्न

समजा ४०० मात्रेचा परिणाम खरा आहे. तरी औषधशास्त्राचा विद्यार्थी म्हणून विचारायला हवे की ही मात्रा यकृतापर्यंत पोहोचते का. प्रौढ माणसात प्लाझ्मा सुमारे ३ लीटर. ४०० सोडा, मिलीलीटरला १०० मायक्रोग्रॅम राखायचे तरी ३०० मिग्रॅ अर्क एकाच क्षणी, काहीही न गमावता, प्लाझ्मात हवा. बियांमधली मोठी प्रोअँथोसायनिडिन (म्हणजे टॅनिन) आतड्यातून जवळजवळ शोषलीच जात नाहीत; जे लहान रेणू जातात ते आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात ग्लुकुरोनाइड व सल्फेट या बदललेल्या रूपांत फिरतात. द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉलचे उदाहरण बोलके आहे: २५ मिग्रॅ तोंडाने दिल्यावर साधारण ७० टक्के शोषले जाते, पण मूळ रूपात प्लाझ्मात मिलीलीटरला ५ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी सापडते. रेणुभार २२८ धरला तर ते सुमारे २२ नॅनोमोलर होते. पेशींवर मात्र ते सर्रास ५० किंवा १०० मायक्रोमोलर टाकले जाते.

हेप-जी-२ बद्दलही एक नोंद हवी. त्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या यकृतगाठीतल्या, मूळ हेपॅटोब्लास्टोमा या बालवयातल्या यकृत-कर्करोगाच्या. औषधे मोडणारी सायटोक्रोम विकरे त्यांच्यात निरोगी यकृतपेशींपेक्षा बरीच कमी. त्यांना "यकृत" म्हणून चालत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून त्या मिळतात, आल्यावर मायकोप्लाझ्मा या पेशीसंवर्धनात लपून वाढणाऱ्या जिवाणूंची तपासणी करून मगच वापराव्यात.

अहवालाचे अंतिम वाक्य गटाने असे केले: पायरुव्हेटविरहित डीएमईएममध्ये १०० मायक्रोग्रॅमपर्यंतचा पेशीमृत्यू बहुतांशी माध्यमात तयार झालेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे होतो; ४०० ला कॅटलेज असतानाही राहणाऱ्या मृत्यूचे कारण निश्चित झालेले नाही. त्या वेल्समध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बारीक साका दिसला होता, बहुधा टॅनिन आणि सीरमची प्रथिने एकत्र बसलेली, त्यामुळे पेशींचे पोषण तुटले असण्याची शक्यता त्यांनी नोंदवली. ती तपासायला अर्क-माध्यमाचे मिश्रण आधी फिरवून साका काढायचा आणि वरचा स्वच्छ द्रव पेशींना द्यायचा, कॅटलेजसह आणि कॅटलेजविना. तोवर मे उजाडला होता आणि अर्क संपला होता. पुढच्या गटाने शिराझ आणि शेनिनच्या बिया वेगवेगळ्या, जानेवारीच्या पहिल्या गाळपातच उचलायला हव्यात, कारण ओला चोथा एक-दोन दिवसांत बुरशी धरतो.